सिग्नस एक्स-१चा प्रकाश लुकलुकतो, पण ढेकळं पडतात म्हणून नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाचा सिग्नस एक्स-१चा (कृष्णविवर आणि तारा यांच्या जोडीचा) डेटा उतरवून घेतला, एकेका सेकंदाचे बिन (वेळेचे कप्पे) लावून लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेजाचा आलेख) काढला, तर रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली झाली. सरासरी सेकंदाला १,००० फोटॉन, आणि विचलन २५०च्या आसपास. हा उपकरणाचा गोंगाट आहे, की कृष्णविवरात एकेक ढेकूळ पडतंय आणि दर ढेकळाला एक लखलखाट होतोय? शिवाय एका ठिकाणी ४०-४० सेकंदांच्या अंतराने तीन शिखरं दिसतात. ती एखाद्या ढेकळाची प्रदक्षिणा समजायची का?

यात खरं तर तीन प्रश्न आहेत. पहिला पाच मिनिटांत निकालात निघतो, तिसऱ्यात बहुतेक जण फसतात, आणि मधला सगळ्यात रंजक आहे.

आधी गोंगाटाचं पाहू. फोटॉन मोजताना मोजणीचाच एक चढउतार असतो: सरासरी जितकी, तिच्या वर्गमुळाइतका. १,०००चं वर्गमूळ सुमारे ३२. म्हणजे स्रोत अगदी स्थिर असता तरी तुमचे आकडे साधारण ३ टक्क्यांनी हलले असते. तुमचे हललेत २५ टक्क्यांनी. विचलनाचा वर्ग ६२,५००, त्यातून मोजणीचा वाटा १,००० वजा केला तर ६१,५०० उरतात, वर्गमूळ २४८. म्हणजे २५पैकी जवळजवळ सगळे टक्के खरे आहेत, आकाशातून आलेले आहेत. हेच गणित ०.०१ सेकंदाच्या बिनला लावलं तर चित्र पालटतं: बिनमागे १० फोटॉन, मोजणीचाच चढउतार ३२ टक्के. तिथं डोळ्यांनी दिसणारा दातेरीपणा बहुतांशी संख्याशास्त्राचा असतो आणि खरी चमचम त्याखाली दडलेली असते. म्हणून लाइट कर्व्हचं चित्र पाहून मत बनवण्याआधी बिनमध्ये किती फोटॉन आहेत ते पाहायचं.

आता ढेकळांकडे. प्रकाश विवरातून येत नाही, विवराभोवती फिरत आत सरकणाऱ्या तप्त वायूच्या चकतीतून आणि तिच्या आतल्या भागातल्या विरळ, अतितप्त कोरोनातून येतो. सिग्नस एक्स-१मधल्या विवराचं वस्तुमान सुमारे २१ सूर्यांइतकं आहे. ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालणाऱ्या जोडीतला दुसरा तारा निळा महाराक्षसी आहे, आणि त्याच्या वाऱ्यातून विवराला खाद्य मिळतं. इतक्या वस्तुमानासाठी लांबीचं नैसर्गिक माप (गुरुत्वीय त्रिज्या म्हणू) सुमारे ३१ किलोमीटर. विवर फिरत नसेल तर स्थिर कक्षा सहा गुरुत्वीय त्रिज्यांपर्यंत, म्हणजे १८६ किलोमीटरपर्यंत असतात, आणि तिथली एक प्रदक्षिणा सुमारे साडेनऊ मिलिसेकंदांची. फिरत्या विवरात कडा आणखी आत जाते आणि प्रदक्षिणा आणखी छोटी होते.

या आकड्यांवर तुमचे ४० सेकंद तपासून पाहा. ४० सेकंदांची प्रदक्षिणा होते ती सुमारे १,५५० गुरुत्वीय त्रिज्यांवर, म्हणजे विवरापासून जवळजवळ ४८,००० किलोमीटरवर. तिथपर्यंत आत येताना वायूने आपल्या वस्तुमान-ऊर्जेचा जेमतेम ०.०३ टक्के भाग मोकळा केलेला असतो. अगदी आतपर्यंत गेल्यावर तो ६ टक्क्यांवर, आणि विवर जोरात फिरत असेल तर त्याहूनही बराच वर जातो. एवढ्या दूरचा वायू क्ष-किरण देण्याइतका तापत नाही. लॅक्सपीसी तर ३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप) खाली पाहतच नाही. थोडक्यात, ४० सेकंदांनी फिरणारं ढेकूळ असलं तरी ते तुमच्या डेटात दिसणार नाही. आणि जिथून क्ष-किरण येतात तिथं प्रदक्षिणा मिलिसेकंदांच्या आहेत. मग सेकंदांचे, मिनिटांचे चढउतार आले कुठून? खरं कोडं हे आहे: प्रकाश निघतो अशा जागेतून जिथं सगळं काही क्षणार्धात घडतं, पण तो हलतो मात्र त्या जागेच्या मानाने हजारो पट सावकाश.

उत्तर वायू आत कसा सरकतो यात आहे. कक्षेत फिरणारा वायू आपणहून आत पडत नाही. पृथ्वी सूर्यात पडत नाही त्याच कारणाने. आत यायचं तर त्याने आपला कोनीय संवेग बाहेरच्या वायूला देऊन टाकायला हवा. वायूच्या रेणूंचं साधं घर्षण या कामाला अगदीच तोकडं पडतं. शाकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ साली या अडचणीला एका आकड्यात, अल्फामध्ये, बांधून ठेवलं: घर्षण कुठून येतं ते बाजूला ठेवू, किती आहे तेवढं सांगू. कुठून येतं हे नीट उलगडलं १९९१मध्ये, बाल्बस आणि हॉली यांच्या कामातून; त्यामागची अस्थिरता मात्र वेलिखोव्ह आणि चंद्रशेखर यांनी १९५९-६०च्या सुमारासच वेगळ्या संदर्भात मांडली होती. वायूतल्या चुंबकीय रेषा आतल्या, वेगाने फिरणाऱ्या पदराला बाहेरच्या, सावकाश फिरणाऱ्या पदराशी जोडतात. रेषा ताणली जाते, आतला पदर मागे ओढला जाऊन आणखी आत घसरतो, बाहेरचा पुढे ढकलला जाऊन आणखी बाहेर जातो, ताण वाढतो, आणि थोड्याच फेऱ्यांत सगळा वायू खळबळून उठतो. ही खळबळ हेच ते घर्षण.

खळबळीतून येणारं घर्षण एकसारखं असूच शकत नाही. चकतीच्या प्रत्येक अंतरावर आत सरकणाऱ्या वायूचं प्रमाण सतत कमीजास्त होत राहतं, आणि प्रत्येक अंतराचा आपला एक वेग असतो. वायू एखाद्या ठिकाणाहून आत झिरपायला लागणारा वेळ प्रदक्षिणेच्या कित्येक पट असतो, आणि किती पट ते चकतीच्या जाडीवर ठरतं. अल्फा ०.१ धरला आणि जाडी अंतराच्या ०.३ पट असेल (विरळ, फुगलेला प्रवाह), तर झिरपण्याचा काळ प्रदक्षिणेच्या सुमारे १८ पट. सहा त्रिज्यांवर ०.१७ सेकंद, साठ त्रिज्यांवर पाच सेकंदांच्या थोडं वर, आणि ४० सेकंद येतात ते २२५ त्रिज्यांच्या आसपास. चकती चपटी असेल, जाडी ०.०१ पट, तर तोच गुणक १६,०००च्या घरात जातो: सहा त्रिज्यांवर अडीच मिनिटं, साठ त्रिज्यांवर सव्वा तासाहून अधिक. चपट्या चकतीत बाहेरचे जलद चढउतार आत पोचेपर्यंत विरून जातात. बऱ्याच कृष्णविवर-जोड्या मृदू अवस्थेत, म्हणजे चपट्या चकतीचाच प्रकाश जास्त असताना, एक-दोन टक्केच हलतात, आणि कठीण अवस्थेत, म्हणजे कोरोनाचा प्रकाश जास्त असताना, २० ते ४० टक्के, त्याचं हे मुख्य कारण. सिग्नस एक्स-१ इथं थोडा हट्टी आहे. त्याच्या मृदू अवस्थेतही कोरोना शिल्लक असतो आणि चमचम बऱ्यापैकी राहते. तेव्हा नुसत्या स्थिरतेवरून त्याची अवस्था ओळखायला जाऊ नका.

दूरचे चढउतार आत येऊन कसे मिसळतात, हा कळीचा मुद्दा. ल्युबार्स्की यांनी १९९७मध्ये तो मांडला. समजायला कालवा घ्या. कालव्यावर एकामागून एक दारं आहेत. पहिल्या दारावरचा माणूस आठवड्यातून एकदा दार थोडं उघडतो किंवा मिटतो, दुसरा रोज, तिसरा दर तासाला. कुणीही स्वतःचं पाणी आणून टाकत नाही. वरून आलं त्यातले इतके टक्के पुढे सोडायचे, एवढंच त्याच्या हातात. टेलच्या शेतकऱ्याला मिळणारं पाणी हा या सगळ्या टक्क्यांचा गुणाकार असतो. वरून भरपूर पाणी आलेल्या आठवड्यात तासातासाचा फरकही मोठा दिसतो. टंचाईच्या आठवड्यात तोच माणूस तसंच दार हलवतो, पण फरक थेंबांचा. चकतीत टेल म्हणजे विवराजवळचा तप्त भाग. दूरचे चढउतार जन्मतात तिकडे, दिसतात इथं. (कालव्याची उपमा एका बाबतीत तोकडी पडते: चकतीत आतला भागही बाहेरच्या घर्षणावर थोडाफार परिणाम करतो. आपल्या कामापुरतं चालेल.)

ढेकळांची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. तिथं प्रत्येक लखलखाट स्वतंत्र आणि एकूण प्रकाश ही त्यांची बेरीज. ही कल्पना भोळी नाही. टेरेल यांनी १९७२मध्ये सिग्नस एक्स-१चीच चमचम अशा स्वतंत्र स्फुरणांच्या बेरजेने समजावली होती, आणि पॉवर स्पेक्ट्रमचा (कुठल्या वारंवारतेच्या चढउतारांत किती जोर आहे, त्याच्या आलेखाचा) आकार त्यातून बरा जुळतोही. म्हणून नुसता पॉवर स्पेक्ट्रम पाहून बेरीज की गुणाकार हे ठरत नाही. ठरतं ते एका साध्या कसोटीवर. स्वतंत्र ढेकळं पडत असतील तर तेज दुप्पट होताना विचलन वर्गमुळाने, म्हणजे १.४ पट वाढेल. गुणाकार असेल तर विचलनही दुप्पट होईल. युटली आणि मॅकहार्डी यांनी २००१मध्ये हे तपासलं तेव्हा सरळ रेघ आली: जितकं तेज, त्या प्रमाणात चमचम. गुणाकाराची दुसरी खूणही मिळते. आकड्यांचा आलेख उजवीकडे लांब शेपटी काढतो, आणि त्यांचे लॉग घेतले की घंटेसारखा सममित होतो.

तुमच्याकडच्या डेटावर ही कसोटी करता येईल. नुसते एक-एक सेकंदाचे बिन पुरणार नाहीत; मूळ फोटॉन-यादीतून १/१२८ सेकंदाचे बिन काढा. मग एक-एक सेकंदाचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची सरासरी मोजणी आणि १ ते १० हर्ट्झमधली पॉवर, असे दोन आकडे लिहून ठेवा. तुकडे सरासरीनुसार चढत्या क्रमाने लावा, १००-१०० तुकड्यांचे गठ्ठे बांधा, गठ्ठ्यातल्या पॉवरची सरासरी काढा, त्यातून मोजणीच्या गोंगाटाची पातळी वजा करा, आणि मग वर्गमूळ घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. एकेका तुकड्यातून गोंगाट वजा करून लगेच वर्गमूळ घ्यायला गेलात तर काही मंद तुकडे ऋण निघतील, ते गाळले जातील, आणि उरलेल्यांतून रेघ खालच्या टोकाला वर उचललेली दिसेल. ही चूक फार वेळा पाहायला मिळते, आणि तिच्यातून "मंद असताना स्रोत जास्त हलतो" असा खोटा निष्कर्ष निघतो.

पॉवर स्पेक्ट्रमसाठी वेगळे तुकडे घ्या: ६४ सेकंदांचे, म्हणजे तुकड्यामागे ८,१९२ बिंदू. अर्ध्या तासाच्या सलग टप्प्यातून असे २८ तुकडे निघतात. एकाच तुकड्याच्या स्पेक्ट्रमवर कधीही विश्वास ठेवू नका. त्यातल्या प्रत्येक बिंदूची अनिश्चितता त्या बिंदूच्या किमतीइतकीच असते, मग तुकडा कितीही लांब असो. सरासरी घेतल्यावरच ती उतरते. लीही पद्धतीने (पॉवर मोजण्याच्या एका रूढ मापाने) मोजल्यास शुद्ध गोंगाटाची पातळी २ असायला हवी, पण लॅक्सपीसीत ती थोडी खाली येईल, कारण एक फोटॉन नोंदवल्यावर डिटेक्टर सुमारे ४२ मायक्रोसेकंद दुसरा घेत नाही. पातळी २ गृहीत धरण्यापेक्षा, स्रोताची चमचम जिथं संपलेली असते त्या वरच्या वारंवारतांवरून ती मोजून घेतलेली बरी. १/१२८ सेकंदाचा बिन ६४ हर्ट्झपर्यंतच नेतो, म्हणून एवढ्या एका कामासाठी बिन आणखी बारीक करा. हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर स्टिंगरे नावाचं पायथनचं मुक्त पॅकेज आहे, पण वरचा क्रम माहीत असल्याशिवाय त्यातले पर्याय निवडता येत नाहीत. निरीक्षण मार्च २०१८नंतरचं असेल तर तीनपैकी लॅक्सपीसी-२० हाच डिटेक्टर वापरा. बाकीच्या दोघांत त्या सुमारास बिघाड झाले.

गुणाकाराच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, आणि माझ्या मते ती जास्त बोलकी आहे. ३ ते ६ आणि १० ते २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असे दोन पट्टे वेगळे काढून त्यांचे चढउतार ताडून पाहिले, तर जास्त ऊर्जेचा पट्टा किंचित उशिरा हलतो. सिग्नस एक्स-१मध्ये १ हर्ट्झच्या चढउताराला हा उशीर दहा मिलिसेकंदांच्या घरात असतो, आणि सावकाश चढउतारांना जास्त. नुसत्या प्रकाशाला कोरोनातून फिरून यायला वेळ लागतो म्हणावं, तर सगळ्या चढउतारांना उशीर सारखाच हवा होता, शिवाय ०.१ सेकंदाच्या उशिरासाठी ३०,००० किलोमीटरचा कोरोना लागला असता, म्हणजे जवळजवळ हजार त्रिज्यांचा. प्रवाह बाहेरून आत येतो असं धरलं की गोष्ट जुळते. बाहेरचा भाग कमी ऊर्जेचा प्रकाश देतो आणि आधी हलतो, आतला जास्त ऊर्जेचा देतो आणि नंतर हलतो. सावकाश चढउतार आणखी दुरून निघालेले, म्हणून त्यांचा प्रवासही लांब.

आता ती तीन शिखरं. अशा स्रोतात सावकाश चढउतारांत पॉवर जास्त असते, आणि अशा यादृच्छिक हालचालीत दोन-तीन आवर्तनं आपोआप उमटतात. माणसाचा डोळा ती हटकून शोधतो. खरा आवर्तनकाळ असेल तर अर्ध्या तासात ४५ शिखरं यायला हवीत. बाकीची ४२ कुठं आहेत? तपासायचंच असेल तर ६४ सेकंदांचे तुकडे इथं निरुपयोगी, त्यांत दोन आवर्तनंही मावत नाहीत. ५१२ सेकंदांचे तुकडे घ्या, उपग्रहाच्या अनेक फेऱ्यांमधले मिळून वीस-तीस जमवा, आणि ०.०२५ हर्ट्झवर शेजारच्या बिंदूंपेक्षा स्पष्ट उंच, अरुंद शिखर उभं राहतं का पाहा. मात्र तुलना सपाट रेषेशी नको, स्पेक्ट्रमच्या स्वतःच्या उताराशी करायची. दर सुमारे ९७ मिनिटांनी पृथ्वी आड आल्याने डेटात खिंडारं पडतात. ती शून्याने भरून एकच लांब स्पेक्ट्रम काढला तर उपग्रहाचीच फेरी शिखर म्हणून उगवते.

सगळ्या लुकलुकीला हेच एक कारण आहे असं मात्र नाही. कुठला स्रोत आणि कुठली वेळ, यावर बरंच अवलंबून आहे. गरुड तारकासमूहातली जीआरएस १९१५+१०५ ही कृष्णविवर-जोडी घ्या. त्याचे काही लाइट कर्व्ह हृदयाच्या ठोक्यांसारखे, साधारण मिनिटाच्या तालावर चालतात. तिथं पदार्थ इतक्या जोरात येतो की आतल्या चकतीत प्रकाशाचाच दाब वरचढ होतो. चकती भरते, फुगते, भडाभडा रिकामी होते, पुन्हा भरते. १९९६मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहासोबत गेलेल्या भारतीय क्ष-किरण उपकरणाने १९९७मध्ये त्याचे असे नियमित स्फोट टिपले होते. जून २०१५मध्ये व्ही४०४ सिग्नी ही आणखी एक कृष्णविवर-जोडी उफाळली तेव्हा शंभर सेकंदांपासून अडीच तासांपर्यंतचे तिचे चढउतार दृश्य प्रकाशात, २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतूनही दिसण्याजोगे होते. आणि कठीण अवस्थेतल्या अनेक जोड्यांच्या स्पेक्ट्रममध्ये ०.१ ते काही हर्ट्झच्या दरम्यान एक रुंद कुबड येतं. ते आतला तिरका प्रवाह फिरत्या विवराच्या ओढीने भोवऱ्यासारखा डोलतो म्हणून येतं, असं आज बरेच जण मानतात, पण वाद मिटलेला नाही.

वस्तुमान बदललं की घड्याळ बदलतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या सॅजिटेरियस ए*चं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांचं; न फिरणाऱ्या विवराच्या हिशोबाने आतली प्रदक्षिणा अर्ध्या तासाची. एम८७ या दूरच्या दीर्घिकेतल्या साडेसहा अब्ज सूर्यांच्या विवरासाठी तीच महिन्याभराची. एम८७चं चित्र एप्रिल २०१९मध्ये आलं आणि आपल्याजवळच्याचं मे २०२२मध्ये, यामागे हेही एक कारण आहे. एका रात्रीच्या निरीक्षणात एम८७ स्थिर बसतं, हे मात्र हलत राहतं. उलट दिशेलाही जाता येतं: एमव्ही लायरी या श्वेतबटू-जोडीच्या केपलर दुर्बिणीच्या डेटात तेज आणि चमचमीची तीच सरळ रेघ सापडली. तिथं विवर नाहीच. लुकलुक चकतीची आहे.

तुमच्या डेटात एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा, वरचं काहीही करण्यापूर्वी. सिग्नस एक्स-१मध्ये तारा विवराच्या मानाने आपल्या बाजूला येतो त्या कक्षा-टप्प्याच्या आसपास त्याच्या वाऱ्यातले दाट पुंजके आड येतात आणि तेज काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत खाली बसतं. ही चकतीची चमचम नव्हे, सावली आहे, आणि ती मिसळली तर तुमची सरळ रेघ वाकडी येईल. ओळखायला १०–२० आणि ३–६ या पट्ट्यांच्या मोजणीचं गुणोत्तर काढा. वायू आड आला की कमी ऊर्जेचे फोटॉन जास्त गिळले जातात, त्यामुळे तेज पडताना हे गुणोत्तर ताडकन वर जातं. जिथं असं होतंय ते तुकडे काढून टाका आणि उरलेल्यांवरच रेघ ओढा. तुमची तीन शिखरं नेमकी अशा दोन-तीन सावल्यांच्या मधली असतील, तर त्यांच्यासाठी ५१२ सेकंदांचे तुकडे जमवायचीही गरज नाही.